एन्नोरच्या लाइनवरचे दोन सेकंद

विजयादशमीनंतरच्या पहिल्या गुरुवारी सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी चेन्नईतल्या अण्णा नगरच्या एका रुग्णालयातल्या छातीच्या डॉक्टरांनी एन्नोरच्या रुग्णाशी पडद्यावर चाललेले बोलणे मध्येच थांबवले. हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि पुढचे रुग्ण तपासायला नकार दिला. एन्नोरच्या दवाखान्यात तेव्हा बाकावर नऊ जण बसले होते. डॉक्टरांच्या मागच्या खुर्चीवर रुग्णालयाचे संचालक होते. ही सोय चालू ठेवायची की बंद करायची, हे ते त्याच दिवशी ठरवणार होते.

दोन्ही ठिकाणांना जोडणाऱ्या लाइनची जबाबदारी माझ्याकडे होती.

दोन हजारच्या दशकाच्या मध्याला मी चेन्नईत नेटवर्कचे काम करत होतो. त्याआधी दोन वर्षे कोल्हापूरच्या एका दैनिकाच्या संगणक विभागात होतो. तिथल्या मुख्य उपसंपादकांनी एक सवय लावली होती: आधी काय घडले ते लिहायचे, का घडले ते नंतर, आणि कोणी केले ते कधीही गाळायचे नाही. चेन्नईतल्या आमच्या कंपनीचे काम सांगायला सोपे होते. कार्यालये एकमेकांना जोडून द्यायची आणि जोडलेली ठेवायची. अण्णा नगरचे रुग्णालय आमचे ग्राहक होते आणि तिथे खालच्या मजल्यावर मला एक टेबल दिलेले होते. शहराच्या उत्तर टोकाला, समुद्रकाठच्या एन्नोरला त्यांचा चार खोल्यांचा दवाखाना होता. कोळीवाड्यांतली माणसे आणि वीज केंद्रातले कंत्राटी कामगार तिथे येत. बहुतेकांची तक्रार दम लागण्याची असे.

छातीचे डॉक्टर मात्र अण्णा नगरला बसत. एन्नोरहून तिथे यायला दोन बस बदलाव्या लागत. बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्या रस्त्यावर उभ्या असल्या, की दोन तासांत पोचण्याची खात्री नसे. म्हणून तीन महिन्यांसाठी एक प्रयोग ठरला. दर गुरुवारी एन्नोरचा रुग्ण कॅमेऱ्यासमोर बसेल, डॉक्टर अण्णा नगरहून पडद्यावर त्याला पाहतील, बोलतील आणि औषध लिहून देतील. प्रयोग जमला नाही, तर दम लागणाऱ्या माणसांनी पुन्हा बस धरायची.

एन्नोरची बाजू शकुंतलाबाई सांभाळत. वय पंचावन्नच्या आसपास, नोकरी कारकुनाची. केसपेपर काढणे, रुग्णाला खुर्चीत बसवणे, कॅमेरा त्याच्या तोंडावर आणणे हे सगळे त्यांच्याकडे होते. पहिल्या भेटीत आम्ही अर्धा तास तमिळ आणि इंग्रजी मिसळून बोललो. मग टेबलाखाली वाकून राउटर बसवताना माझ्या हातून स्क्रू पडला आणि तोंडून "हात् तुझ्या" निघून गेले. वरून आवाज आला.

"तुम्ही मराठे कीं?"

"कोल्हापूरचा."

"आम्ही तंजावरचे. तीनशें वरुषें झालीं येऊन. आमच्या मराठीस हंसूं नका हं."

"नाही हसत."

"हंसतातच सगळे. पुण्याचा एक आला होता. म्हणे, बाई, तुमचें बोलणें कीर्तन ऐकल्यासारखें वाटतें." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "स्क्रू तुझ्या उजव्या गुडघ्याखालीं आहे, तंबी."

तंबी म्हणजे धाकटा भाऊ. त्यानंतर मी तंबीच राहिलो, आणि अहोजाहोही संपले.

प्रयोगाच्या तिसऱ्या गुरुवारी पहिली चूक झाली. मुनुसामी नावाचे वृद्ध मच्छीमार कॅमेऱ्यासमोर होते. डॉक्टरांनी विचारले, थुंकीत रक्त पडते का. मुनुसामी म्हणाले, "इल्लै." नाही. हे उत्तर अण्णा नगरला लगेच पोचले नाही. डॉक्टरांना समोर गप्प बसलेला माणूस दिसला. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: पेनिसिलिनने कधी अंगावर पुरळ आले का, श्वास कोंडला का. प्रश्न संपता संपता त्यांच्या कानात "इल्लै" पडले. एन्नोरला मुनुसामींनी या दुसऱ्या प्रश्नाला "आमा", म्हणजे हो, असे उत्तर दिले. ते अण्णा नगरला पोचेपर्यंत डॉक्टर बिडी ओढता का हे विचारून झाले होते. कागदावर नोंद झाली: रक्त, उत्तर नाही, पेनिसिलिनचा त्रास, नाही, बिडी, हो. मुनुसामींनी आयुष्यात बिडी ओढलेली नव्हती.

डॉक्टर औषध सांगू लागले. पेनिसिलिनच्याच जातीच्या गोळ्या होत्या. शकुंतलाबाईंनी टेबलावरचा साधा फोन उचलून अण्णा नगरला लावला.

"डॉक्टर, पेनिसिलिनला मुनुसामी हो म्हणाले."

"नाही म्हणाले, अम्मा. मी ऐकलं."

"नाही ते रक्ताला म्हणाले. मी त्यांच्या शेजारी बसले आहे."

डॉक्टरांनी सगळे प्रश्न साध्या फोनवर पुन्हा विचारले आणि गोळ्या बदलल्या. त्या दुपारी त्यांनी मला बोलावले.

"चित्र धूसर असलं तरी मला चालेल. आवाज खरखरला तरी चालेल," ते म्हणाले. "पण एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला लागणार असेल तर हे माणसाच्या जिवाशी खेळणं आहे. पुन्हा एकदा असं झालं की मी उठलो. मग संचालकांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

पुढच्या गुरुवारी मी एन्नोरला जाऊन बसलो. कारण सापडायला वीस मिनिटे लागली. एक्स-रे काढणारा सेल्वम कामाला चोख होता. एक रुग्ण डॉक्टरांशी बोलत असताना तो पुढच्या रुग्णाची फिल्म स्कॅनरवर ठेवून पाठवून देई. म्हणजे तो रुग्ण खुर्चीत बसेपर्यंत फिल्म डॉक्टरांसमोर हजर. डॉक्टरांनीच त्याला तसे सांगितले होते. त्यामुळे प्रत्येक संभाषणाच्या वेळी त्याच लाइनवरून एक जड फाइलही जात होती. सेल्वम जितका चोख, तितका आवाज उशिरा.

इथे थोडे धंद्यातले सांगावे लागेल. लाइनची रुंदी ही एक गोष्ट आणि उशीर ही दुसरी. एन्नोरच्या रस्त्याचे उदाहरण पुरेल. बंदराच्या फाटकाशी कंटेनरच्या गाड्यांची रांग लागलेली असते. त्या रांगेत मागे एखादी सायकल अडकली, तर रस्ता कितीही रुंद असो, सायकल गाड्यांच्याच चालीने सरकते. एक्स-रे म्हणजे कंटेनर. आवाज म्हणजे सायकल. आवाजाला जागा फार लागत नाही, त्याला थांबणे परवडत नाही. एक्स-रे अर्धा मिनीट उशिरा आला तर कोणाचे काही बिघडत नाही.

म्हणून राउटरला सांगायचे असते की सायकल दिसली की तिला पुढे घे. हे सांगणे सोपे आहे. कोणाला सायकल म्हणायचे यावर भांडणे होतात. सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी तातडीच्या कामांची यादी मागितली, तर प्रत्येक विभागाने स्वतःचे नाव दिले. एका व्यवस्थापकांना त्यांच्या टेबलावरचा संगणक सर्वांत पुढे हवा होता. त्यावर ते सकाळी क्रिकेटचा धावफलक पाहत. सगळ्यांना पुढे उभे केले की रांग होती तशीच राहते, हे त्यांना पटवायला मला तीन बैठका लागल्या. एन्नोरला ते भांडण नव्हते. आवाज पुढे, फिल्म मागे. मी तसे सेटिंग केले आणि निश्चिंत मनाने परत आलो.

काही फरक पडला नाही.

फरक मोजण्याची पद्धत शकुंतलाबाईंनी काढली. मी अण्णा नगरला एका कानाला साधा फोन आणि दुसऱ्या कानाला पडद्याचा हेडफोन लावून बसलो. त्यांनी एन्नोरला टाळी वाजवली. साध्या फोनातून ती लगेच ऐकू आली. हेडफोनमधून तीच टाळी नंतर आली. सेल्वमचा स्कॅनर रिकामा असताना दोन्ही टाळ्या जवळजवळ एक होत्या. फिल्म जाऊ लागली की मध्ये पूर्ण दोन सेकंद.

"एक टाळी दोन झाली कीं, तंबी," त्या फोनवर म्हणाल्या.

दोन सेकंद हा आकडा ओळखीचा वाटला. एन्नोरच्या छतावर लाइन पुरवणाऱ्या कंपनीचा लहान अँटेना होता. त्याची तार खाली येऊन त्या कंपनीच्या एका डब्याला लागत होती आणि त्यानंतर आमचा राउटर. लाइनचा वेग सेकंदाला दोनशे छप्पन्न किलोबिट होता. त्या डब्यात चौसष्ट किलोबाइट माल थांबू शकत होता. एका बाइटचे आठ बिट धरून भागाकार केला की दोन सेकंद येतात. म्हणजे रांग आमच्या राउटरमध्ये लागतच नव्हती. आमचा राउटर आलेला माल पूर्ण वेगाने पुढे ढकलत होता आणि रांग त्या परक्या डब्यात लागत होती. तिथे सायकल आणि कंटेनर असा भेद नव्हता. जो आधी आला तो आधी.

उपाय असा की आमच्या राउटरने लाइनच्या वेगापेक्षा थोडे कमीच सोडायचे. मग पुढचा डबा कधी भरत नाही, रांग आमच्या अंगणात लागते आणि तिथे कोणाला पुढे घ्यायचे ते आपल्या हातात राहते. आमच्या धंद्यात याला ट्रॅफिक शेपिंग म्हणतात. मी अण्णा नगरहून एन्नोरच्या राउटरमध्ये शिरलो आणि वेगाचा आकडा खाली आणू लागलो. डॉक्टर शेजारी उभे होते.

"तुम्हाला वेग वाढवायला बोलावलं होतं ना?"

"हो."

"आणि तुम्ही कमी करताय."

"मात्रेवर आहे, डॉक्टर."

दोनशे चाळीसला टाळ्या दोनच राहिल्या. दोनशे तीसला दुसरी टाळी पहिलीच्या जवळ आली. दोनशे वीसला सेल्वमची फिल्म जात असतानाही एकच टाळी ऐकू आली. शकुंतलाबाईंनी खात्रीसाठी अकरा वेळा टाळी वाजवली. बाकावरच्या रुग्णांपैकी कोणीतरी त्यांना आज भजन आहे का असे विचारल्याचे फोनवर ऐकू आले. फिल्म पोचायला पूर्वीपेक्षा वीसेक सेकंद जास्त लागू लागले. सेल्वमने त्याबद्दल तक्रार केली आणि नंतर सोडून दिली.

त्यानंतर पाच गुरुवार एकही उत्तर इकडचे तिकडे झाले नाही.

त्या राउटरमध्ये टाइप केलेली आज्ञा लगेच लागू होत असे. पण वीज गेल्यावरही ती टिकायची असेल, तर ती वेगळी जतन करावी लागे. मी ती जतन केली नव्हती. हा विसरभोळेपणा नव्हता, निदान सुरुवातीला नव्हता. नवे सेटिंग आठवडाभर तसेच चालवून पाहायचे आणि मग जतन करायचे, अशी माझी पद्धत होती. काही बिघडले तर राउटर बंद करून चालू केला की जुने सेटिंग परत येते आणि तेवढ्यासाठी एन्नोरला धावावे लागत नाही. शकुंतलाबाईंना मी तसे सांगितले होते. आठवडा संपला, दुसरी कामे आली, आणि जतन करायचे राहिले. एन्नोरला यूपीएस असल्यामुळे वीज गेली तरी राउटर बंद पडत नव्हता.

मग आयुधपूजा आली. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे पूजतात. चेन्नईत त्या दिवशी रिक्षापासून लेथपर्यंत आणि शिवणयंत्रापासून कार्यालयातल्या संगणकापर्यंत प्रत्येक यंत्र पुसून, चंदन-कुंकू लावून पूजेला बसवतात. पूजेतल्या यंत्राकडून काम घ्यायचे नसते. एन्नोरच्या दवाखान्यात शकुंतलाबाईंनी मंगळवारी स्टेथोस्कोप, वजनकाटा, एक्स-रेचे यंत्र, स्कॅनर आणि राउटर यांची पूजा केली. त्यासाठी यूपीएससकट सगळे बंद केले. बुधवारी विजयादशमीची सुटी होती. गुरुवारी सकाळी आठला सगळे चालू केले.

दहा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी सुकट विकणाऱ्या एक बाई कॅमेऱ्यासमोर बसल्या. डॉक्टरांनी विचारले, चुलीवर किती वर्षे स्वयंपाक करता. उत्तर आले नाही. डॉक्टरांनी पुढचे विचारले, झोपताना किती उशा लागतात. त्यांच्या कानात उत्तर पडले, "वीस." त्यांनी मागे वळून संचालकांकडे पाहिले. संचालकही ऐकत होते. डॉक्टरांनी हेडफोन काढला.

मला खालच्या मजल्यावरून बोलावले तेव्हा दहा बावन्न झाले होते. मी एन्नोरच्या राउटरमध्ये शिरलो. वेगाच्या मर्यादेची ओळ तिथे नव्हती. राउटर चालू होऊन किती वेळ झाला हे तो स्वतः सांगतो. दोन तास बावन्न मिनिटे. मी एन्नोरला साधा फोन लावला.

"शकुंतलाबाई, राउटर बंद केला होता का?"

"पूजेस बसविला होता कीं. यंत्रास वर्षांतून एक दिवस विसांवा नको? चंदनही लाविलें आहे. कां, काय झालें?"

"काही नाही."

मी सेटिंग पुन्हा टाइप केले आणि या वेळी जतन केले. चार मिनिटे लागली. डॉक्टर हेडफोन हातात घ्यायला तयार नव्हते. मी त्यांच्या एका कानाला साधा फोन धरला, दुसऱ्या कानाला हेडफोन धरला, सेल्वमला फिल्म पाठवायला लावली आणि शकुंतलाबाईंना टाळी वाजवायला सांगितले. डॉक्टरांनी ती तीनदा ऐकली. मग ते खुर्चीत बसले. चुलीचा आणि उशांचा प्रश्न त्यांनी नव्याने विचारला. वीस वर्षे आणि तीन उशा. त्यानंतर मुनुसामी खुर्चीत आले. एक वाजेपर्यंत नऊही जण तपासून झाले. जाताना संचालकांनी प्रयोगाला सहा महिने वाढवून दिले आणि माझ्याकडे लेखी अहवाल मागितला.

अहवालात मी लिहिले: "एन्नोर येथील राउटरचा वीजपुरवठा बंद करण्यात आल्याने सेटिंग पुसले गेले." वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. कोणी काय केले नव्हते, ते त्यात नव्हते.

शुक्रवारी शकुंतलाबाईंना मेमो गेला. परवानगीशिवाय उपकरण बंद केल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा, अन्यथा त्यांना त्या कामावरून हलवले जाईल. शनिवारी दुपारी त्या दोन बस बदलून अण्णा नगरला माझ्या टेबलापाशी आल्या. आधी पिशवीतून पूजेच्या चुरमुऱ्यांची पुडी काढून ठेवली. मग मेमो काढला.

"वाच."

मी वाचला.

"तूंच सांगितलें होतेंस, तंबी. कांहीं बिघडलें तर बंद कर, पुन्हां चालूं कर, कांहीं होत नाहीं. सांगितलें होतेंस कीं नाहीं?"

"सांगितलं होतं."

"मग बंद करण्यांत चूक कसली झाली?"

"बंद करण्यात नाही झाली. मी सेटिंग जतन केलं नव्हतं. पाच आठवडे."

त्यांनी मेमोची घडी घातली.

"गुरुवारीं मी विचारलें तेव्हां काय म्हणालास? कांहीं नाहीं म्हणालास."

"हो."

"तर आतां कांहीं आहे तें लिहून दे. मी बसतें."

मी लिहीपर्यंत त्या समोरच्या खुर्चीवर बसून होत्या. दुसरा अहवाल तीन वाक्यांचा झाला. नवे सेटिंग मी राउटरमध्ये टाकले. मी ते पाच आठवडे जतन केले नाही. राउटर बंद करून चालू केल्यास काही बिघडत नाही, असे मीच श्रीमती शकुंतलाबाईंना सांगितले होते. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. इंग्रजी होता, तरी बोट ठेवून वाचला. दुसऱ्या वाक्यापाशी बोट थांबले.

"'मी' घातलास तें बरें केलेंस," त्या म्हणाल्या. "चुरमुरे खा. मऊ पडतील."

सोमवारी मी कागद संचालकांना दिला. हे आधी का लिहिले नाही, असे त्यांनी विचारले. मेमो त्याच दिवशी मागे घेतला गेला. आमच्या कंपनीने मला दोन महिने कोणतेही काम एकट्याला दिले नाही. शकुंतलाबाई त्याच टेबलावर राहिल्या. दर गुरुवारी पहिला रुग्ण खुर्चीत बसण्याआधी त्या एक टाळी वाजवू लागल्या. तसे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

सहा महिने संपल्यावर सोय कायम झाली. पुढच्या वर्षी आयुधपूजेच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला.

"बंद करूं कीं नको?"

"करा."

"नीट विचार करून सांग हो."

"करा, शकुंतलाबाई. चंदन फक्त हवा जायच्या भोकांना लावू नका."

राउटर पूजेला बसला. सुटीनंतर सकाळी आठला त्यांनी तो चालू केला. साडेआठला सेल्वमने स्कॅनरवर फिल्म ठेवली आणि पाठवायला सुरुवात केली. मी अण्णा नगरला एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानाला हेडफोन लावून बसलो होतो. एन्नोरला बाकावर सात जण होते. शकुंतलाबाईंनी टाळी वाजवली. एकच ऐकू आली.